‘एकांडा शिलेदार’ लिहू नका: गोऱ्या वर्चस्ववादी हिंसेच्या बातमीत या चुका टाळा

मराठी वर्तमानपत्राच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवर मी एकोणीस वर्षं काढली. अमेरिकेत किंवा युरोपात वंशद्वेषातून गोळीबार झाला, की बातमी आपल्याकडे पोचेपर्यंत रात्र झालेली असते. पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असतात आणि त्याच त्या चुका पुन्हा छापल्या जातात. नवी मुलं हुशार आहेत, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं वाचतात, पण शब्द निवडताना थांबत नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे हल्लेखोराला एकटा ठरवणं.

५ ऑगस्ट २०१२, रविवार. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात गोळीबार झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आले होते. सहा भाविक ठार झाले. पहिल्या आवृत्तीत आम्ही ‘माथेफिरूचा गोळीबार’ असा मथळा दिला आणि खाली एक ओळ टाकली: शिखांना मुसलमान समजून, गैरसमजातून हल्ला झाल्याची शक्यता. ती ओळ मी वाचली होती आणि जाऊ दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून फोन आला. वयस्क सरदारजी, मराठी आमच्याइतकंच सहज. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, गैरसमज म्हणजे काय? तो मशिदीत गेला असता तर बरोबर झालं असतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ‘गैरसमजातून हल्ला’ हे शब्द मी एकाही पानावर जाऊ दिलेले नाहीत. मारेकऱ्याचा नेम चुकला असं आपण लिहितो, तेव्हा त्याला योग्य असा कुणीतरी नेम होता हे आपण मान्य करून बसतो.

सोमवारी संध्याकाळी हल्लेखोराचं नाव जाहीर झालं: वेड मायकल पेज. १९९२ ते १९९८ अमेरिकी लष्करात, त्यातला बराच काळ नॉर्थ कॅरोलायनाच्या फोर्ट ब्रॅगमध्ये. आमच्या एका तरुण उपसंपादकानं ‘लोन वुल्फ’चा (एकटा लांडगा, म्हणजे एकट्यानं हल्ला करणारा) मराठी अवतार म्हणून लिहिलं, ‘अमेरिकेचा माजी सैनिक, एकांडा शिलेदार’. शब्द कानाला छान लागतो, तीच त्याची अडचण. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. एकांडा म्हणजे कुठल्याही पथकात नसलेला. या शब्दाला मराठीत इमान आहे, रुबाब आहे. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्याला तो द्यायचा नाही. त्या मुलानं वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. घाईत जो तयार शब्द हाताशी आला, तो वापरला.

आणि वस्तुस्थिती म्हणूनही ते चूक होतं. पेज ‘एंड अपथी’ आणि ‘डेफिनिट हेट’ या वंशद्वेषी बँडमध्ये वाजवत होता, हॅमरस्किन्स या टोळीच्या वर्तुळात होता. हॅमरस्किन्स १९८८ मध्ये डॅलसमध्ये सुरू झाली आणि पुढे युरोपात, ऑस्ट्रेलियात पसरली. जर्मनीनं तिच्यावर २०२३ मध्ये बंदी घातली. पीट सिमी नावाच्या समाजशास्त्रज्ञानं हल्ल्याच्या दहाएक वर्षं आधी पेजशी बोलून त्याच्या लष्करातल्या दिवसांची माहिती घेतली होती. एफबीआयनं तपास संपवताना सांगितलं, की हा हल्ला दुसऱ्या कुणी घडवून आणल्याचा पुरावा नाही. हे छापायलाच हवं. पण त्या दिवशी बंदूक एकट्यानं चालवली आणि तो एकटा घडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत दोन्ही यायला हव्यात.

हल्लेखोर ‘लोन वुल्फ’ दिसतो, त्यामागे इतिहास आहे. लुई बीम हा व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवणारा सैनिक, नंतर क्लू क्लक्स क्लॅनचा नेता. त्यानं १९८३ मध्ये ‘नेतृत्वहीन प्रतिकार’ ही कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये पुन्हा छापली: लहान गट किंवा एकेकटी माणसं, वरून हुकूम नाही, त्यामुळे एक पकडला तरी बाकीचे सुरक्षित. याच माणसानं १९८४ च्या सुमारास टेलिफोनला जोडलेल्या संगणकांवरून या गटांना एकमेकांशी बोलायला लावलं. म्हणजे एकटं दिसणं ही ठरवलेली पद्धत आहे. आपण ‘एकटा माथेफिरू’ लिहितो तेव्हा त्यांना हवं तेच छापतो.

माझी सवय सांगतो. पहिल्या रात्री फक्त ‘हल्लेखोर’. माथेफिरू नाही, विकृत नाही, मानसिक आजाराचा अंदाज नाही. कुठे शिकला, कुणाबरोबर वावरला, हे कळेपर्यंत विशेषण नाही. आणि मृतांचा आकडा पुढेही तपासत राहतो. ओक क्रीकमध्ये जखमी झालेले एक ग्रंथी (गुरुद्वाऱ्यातले धर्मसेवक) अर्धांगवायूच्या अवस्थेत होते. ते २०२० मध्ये गेले. आज त्या हल्ल्यावर लिहिताना ‘सहा ठार’ लिहिणारे निम्म्याहून जास्त भेटतात. मृत सात आहेत.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे ‘सैनिक’ हा शब्द. इंग्रजी कॉपीत ‘मिलिटरी टाइज’ (लष्कराशी संबंध) दिसलं, की मराठीत सरसकट ‘लष्करी जवान’ होतं. यात निदान चार वेगळ्या प्रकारचे लोक असतात. टिमोथी मॅकव्हे माजी सैनिक होता, आखाती युद्धात लढलेला, ब्राँझ स्टार मिळालेला. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत त्यानं १६८ माणसं मारली, त्यात १९ मुलं. त्याचा साथीदार टेरी निकल्स त्याला लष्करातच भेटला होता. फ्लोरिडाचा ब्रँडन रसेल, ‘अॅटमवाफन डिव्हिजन’ या नवनाझी गटाचा संस्थापक, नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या हाताखालच्या दलात होता. कॅनडाचा पॅट्रिक मॅथ्यूज हा राखीव दलातला. ख्रिस्तोफर हॅसन २०१९ मध्ये पकडला गेला तेव्हा तटरक्षक दलात सेवेत असलेला अधिकारी होता, आणि अमेरिकेचं तटरक्षक दल एरवी पेंटागॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या हाताखाली नसतं, गृहसुरक्षा खात्याकडे असतं. आणि इथन मेल्झर? सेवेतला सैनिक. तुर्कस्तानात तैनात होणाऱ्या आपल्याच तुकडीची माहिती त्यानं नवनाझी गटाला दिली, तिच्यावर हल्ला व्हावा म्हणून. त्याला २०२३ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बातमीत लष्कर हेच लक्ष्य होतं. ‘लष्करी जवानाचा कट’ एवढ्या मथळ्यात हे हरवतं.

मी कॉपीच्या समासात पेनानं चार अक्षरं लिहितो: से, मा, रा, गा. सेवेत, माजी, राखीव, गार्ड. कुठल्याही अक्षराभोवती गोल करता येत नसेल, तर मथळ्यात ‘सैनिक’ जात नाही. नव्या मुलांना हे बालिश वाटतं. वाटू दे.

आकड्यांचं तसंच. पेंटागॉनसाठी झालेला एक अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. लष्करात हिंसक अतिरेक्यांचं प्रमाण समाजापेक्षा जास्त असल्याचा पुरावा नाही, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी असोसिएटेड प्रेसनं दाखवलं, की त्यात जुनी आकडेवारी वापरली होती. उलट मेरीलंड विद्यापीठाच्या ‘स्टार्ट’ केंद्राच्या नोंदीप्रमाणे २०१७ ते २०२३ मध्ये लष्करी पार्श्वभूमीच्या ४८० हून जास्त लोकांवर अतिरेकी गुन्ह्यांचे आरोप झाले. पण हा आकडा सगळ्या विचारधारांचा आहे आणि त्यात ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यातले २३० हून जास्त आहेत. त्यावर ‘४८० गोरे वर्चस्ववादी सैनिक’ असा मथळा मी स्वतः खोडला आहे.

‘ओथ कीपर्स’ना नवनाझी म्हणू नका. ते अमेरिकेतल्या सरकारविरोधी सशस्त्र गटांत मोडतात.

‘श्वेत राष्ट्रवादी’ हे त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं नाव आहे. गोरे वर्चस्ववादी म्हणा.

‘आंतरराष्ट्रीय संघटना’ वाचलं, की आपल्या डोळ्यासमोर मुख्यालय, अध्यक्ष, शाखा येतात. इथे तसं क्वचित असतं. ‘द बेस’ या नवनाझी गटाचा अमेरिकी संस्थापक रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये राहून इंटरनेटवर माणसं निवडत होता. ‘फॉयरक्रीग डिव्हिजन’ या दुसऱ्या नवनाझी गटाचा म्होरक्या एस्टोनियातला १३ वर्षांचा मुलगा निघाला. पण सगळं पडद्यावरच चालतं, असंही लिहू नका. स्वीडनच्या दोघांनी २०१६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रशिक्षण छावणीत निमलष्करी धडे घेतले आणि परत येऊन गोटेनबर्गमध्ये बाँब ठेवले. ती छावणी चालवणाऱ्या ‘रशियन इम्पीरियल मूव्हमेंट’ला अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये दहशतवादी घोषित केलं, गोऱ्या वर्चस्ववादी गटावर अशी ती पहिलीच कारवाई.

भारताचा धागा ओढूनताणून काढू नका. १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारणारा त्याआधी जवळपास तीन महिने भारतात राहिला होता, हे न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे. लगेच ‘भारतात कुणाला भेटला?’ असे प्रश्न सुरू झाले. आयोगाला त्या प्रवासात तो अतिरेक्यांना भेटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यानं पैसे पाठवले ते फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या गटांना. बातमी तिथे होती आणि तिथे बघायला कुणाला वेळ नव्हता.

पोलिसांचे आणि इतर माध्यमांचे तयार शब्द उचलू नका. जर्मनीत २००० ते २००७ मध्ये नवनाझींच्या एका टोळीनं दहा खून केले; त्यातले नऊ जण तुर्की आणि ग्रीक वंशाचे, दहावी एक पोलीस. वर्षानुवर्षं पोलीस मृतांच्याच कुटुंबांवर संशय घेत राहिले आणि वर्तमानपत्रांनी त्या खुनांना खाण्याच्या पदार्थाचं नाव दिलं, ‘डोनर खून’. टोळी उघड झाली २०११ मध्ये. ज्यांची दुकानं, ज्यांचे बाप गेले, त्यांनी ते नाव इतकी वर्षं रोज वाचलं.

नाझी चिन्हाला नुसतं ‘स्वस्तिक’ लिहिलं, की आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीचं चित्र उभं राहतं. मी ‘नाझी चिन्ह’ लिहितो.

हल्लेखोराचं जाहीरनामा म्हणून फिरणारं लिखाण डेस्कच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, त्यातली वाक्यं चौकटीत छापू नका. फोटो निवडताना त्यानं स्वतः काढून ठेवलेला, बंदूक घेतलेला फोटो मी घेत नाही. न्यायालयातला मिळाला तर तो, नाहीतर जागेचा फोटो. ओक क्रीकच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुद्वाऱ्याबाहेर मेणबत्त्या धरून उभ्या असलेल्या बायकांचा फोटो घेतला होता. त्या पानावरची तेवढी एक गोष्ट आजही बरोबर आहे.