एफआरएमचा पहिला भाग : ठाण्याहून परीक्षेला निघण्याआधी

एफआरएम, म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर ही आर्थिक जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा द्यायची असेल, तर सगळ्यात आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा आणि नोंदणी करताना नाव त्यावर आहे अगदी तसंच टाका. केंद्रावर मूळ ओळखपत्र बघतात, नाव जुळावं लागतं, मुदत संपलेली चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे दोनदा तपासा. बँकेत एक नाव, पासपोर्टवर दुसरं, असं आपल्यात सर्रास असतं.

मग महिना ठरवा. परीक्षा मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये असते. बँकेत किंवा एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्त कंपनीत) असाल तर मेच्या तयारीचे ऐन दिवस मार्चअखेरच्या कामात जातात. मी नोव्हेंबरच सुचवेन. मध्ये गणपती आणि दिवाळी येतात, पण त्या तारखा आधीच माहीत असतात, त्याप्रमाणे आखता येतं. परीक्षा घेणारी गार्प ही संस्था एका भागासाठी साधारण 240 तास धरायला सांगते. आठवड्यातले पाच दिवस दीड-दीड तास आणि शनिवार-रविवार चार-चार तास धरले, तर साडेपंधरा तास होतात. म्हणजे सोळा आठवडे, म्हणजे जुलैत पुस्तक उघडलेलं असलं पाहिजे.

चार विषय आहेत. जोखीम व्यवस्थापनाचा पाया 20 टक्के, संख्याशास्त्र 20, वित्तीय बाजार आणि उत्पादनं 30, मूल्यांकन आणि जोखमीची मॉडेल्स 30. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला लर्निंग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे त्या धड्यातून काय यायला हवं ते दिलेलं असतं, ते वगळू नका. जिथे ‘कॅल्क्युलेट’ लिहिलंय ते कागदावर सोडवायचं, जिथे ‘डिस्क्राइब’ आहे ते वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मी ठाणे–वाशी गाडीत फक्त दुसऱ्या प्रकारचं वाचायचे. बुडालेल्या ब्रिटिश बेअरिंग्ज बँकेचं प्रकरण मला असंच ऐरोली यायच्या आत पक्कं झालं. तिचा सिंगापूरमधला ट्रेडर निक लीसन सौदेही करत होता आणि त्याच सौद्यांच्या नोंदीही त्याच्याच हाताखाली होत्या, तोटा 88888 क्रमांकाच्या खात्यात लपवला जात होता, आणि जानेवारी 1995 मधल्या जपानमधल्या कोबेच्या भूकंपानंतर निक्केई हा तिथला शेअर निर्देशांक, ज्यावर त्याचे सौदे होते, घसरला तसं सगळं बाहेर आलं. ऑफिसात ‘मेकर-चेकर’, म्हणजे व्यवहार करणारा आणि तो तपासणारा, वेगळे का, हे त्या दिवशी मला खरं कळलं.

गणितं मात्र टेबलाशी बसूनच. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका लावा. एक कोटीचा पोर्टफोलिओ, रोजची व्होलॅटिलिटी (चढउताराचं प्रमाण) 2 टक्के, तर 95 टक्क्यांचा एका दिवसाचा व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क, म्हणजे 95 टक्के खात्रीने ज्याच्या पलीकडे तोटा जाणार नाही तो आकडा, किती? 95 टक्क्यांसाठीचा गुणक 1.645, तो गुणिले 2 टक्के गुणिले एक कोटी, म्हणजे 3.29 लाख. दहा दिवसांचा हवा तर दहाने नाही, दहाच्या वर्गमुळाने गुणायचं, साधारण 10.4 लाख. तो वर्गमूळ का येतो हे स्वतःला समजावता आलं तरच पुढे जा. रोजचे बदल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरलंय म्हणून तो येतो, आणि प्रश्न नेमका त्या गृहीतकावर फिरवतात.

कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून परीक्षेत चालणाराच वापरा. मी बीए टू प्लस हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आर्थिक गणितांचा कॅल्क्युलेटर घेतला होता. पहिल्या खेपेला परीक्षेच्या आदल्या रात्री काळजी म्हणून नवा सेल घातला, आणि सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर गेल्या हे मला कळलंच नाही. केंद्रावर 0.0032 च्या जागी 0.00 दिसायला लागलं, आणि साखळी पद्धत (आकडे टाकाल त्याच क्रमाने हिशेब करणारी) चालू असल्याने गुणाकार आधी व्हायच्या ऐवजी बेरीज होत होती. मी घाबरले, बराच वेळ गेला, त्या खेपेला नापास झाले. म्हणून सेल बदलायचाच तर महिनाभर आधी. त्यानंतर दशांश 9, पद्धत एओएस (गुणाकार-भागाकार आधी करणारी), वर्षाला हप्ते 1, हे तिन्ही हाताने लावा.

शेवटचे चार आठवडे पूर्ण पेपर. चार तासांत 100 प्रश्न, प्रत्येकाला दोन मिनिटं चोवीस सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चुकलेला प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी कारण लिहा: सूत्र विसरले, की प्रश्न नीट वाचला नाही. माझ्या वहीत दुसरं कारण जास्त निघालं.

केंद्र अंधेरी-पवईकडे आलं तर आदल्या आठवड्यात त्याच वेळी एकदा जाऊन या. परीक्षा रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघा आणि घोडबंदर रोडच्या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्री पासपोर्ट आणि प्रवेशपत्र एका पिशवीत घाला. मग कॅल्क्युलेटरवर 2 अधिक 3 गुणिले 4 करून बघा. 14 आलं की तोही पिशवीत टाका. 20 आलं तर पद्धत अजून साखळीच आहे, ती बदला आणि पुन्हा करून बघा.