ठोकळा हलत नाही तेव्हा

बी.एड. करून माध्यमिकच्या वर्गावर नव्याने उभे राहणार असाल, तर बल आणि घर्षणाला हलक्यात घेऊ नका. मी घेतलं होतं. पहिल्या वर्षी 'गतीला विरोध करणारे बल म्हणजे घर्षण' एवढी व्याख्या फळ्यावर लिहिली, घोकून घेतली आणि पुढे गेलो. घटक चाचणीत विचारलं, चालताना तळपायावर घर्षण कोणत्या दिशेने लागतं? बहुतेक पेपरांत 'मागे'. माणूस पुढे जातोय, घर्षण विरोध करतं, म्हणजे मागे! व्याख्येला धरून पोरांचं काहीच चुकलं नव्हतं.

खरं तर पाय जमिनीला मागे रेटतो, तळवा मागे घसरू बघतो आणि घर्षण ते घसरणं अडवायला पुढे लागतं. शेवाळलेल्या अंगणात जमीन रेटताना पाय कुठे सटकतो ते प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त त्याची आठवण करून द्यावी लागते. तेव्हापासून मी 'गतीला विरोध' न म्हणता 'एकमेकांवरून घसरण्याला विरोध' म्हणतो.

दुसऱ्या वर्षी लाकडी ठोकळा आणि ताणकाटा, म्हणजे बल मोजायचा स्प्रिंगचा काटा, घेऊन वर्गात गेलो. ठोकळा अर्ध्या किलोचा, म्हणजे वजन 4.9 न्यूटन. काटा 1 न्यूटन दाखवेपर्यंत ओढला आणि तसाच धरून ठेवला. ठोकळा ढिम्म. विचारलं, आत्ता घर्षण किती? कुणी म्हणालं शून्य, कारण हलतच नाही. बाकीचे ठाम, एकापेक्षा जास्त, म्हणून तर हलत नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, जास्त असतं तर ठोकळा उलटा गेला असता ना?" वर्ग गप्प. हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर निम्म्यांनी नुसतं वहीत उतरवून घेतलं असतं.

म्हणजे घर्षण बरोबर ओढीइतकंच, एक न्यूटन. ओढ दीड न्यूटन केली की घर्षणही दीड. साधारण 2 ला ठोकळा सुटला आणि सावकाश सरकताना काटा 1.6 च्या आसपास आला. सुटण्याचा तो क्षण डोळ्यांनी टिपता येत नाही, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्या. आणखी एक. ताणकाटा उभा टांगून वापरण्यासाठी बनवलेला असतो. आडवा धरला की खालच्या हुकाचं वजन स्प्रिंगवर येत नाही आणि काटा शून्याच्या किंचित अलीकडे बसतो, म्हणून आडवा धरूनच शून्य जुळवून घ्या. मला हे माहीत नव्हतं. तीन तुकड्यांची वाचनं फुकट गेली.

पुढे अकरावीत गेलेली पोरं नेमकी इथेच अडकतात. वस्तुमान 10 किलो, स्थितिक घर्षणांक 0.4, ओढ 20 न्यूटन, घर्षण किती? g म्हणजे गुरुत्व त्वरण 10 धरून 'घर्षणांक गुणिले वजन' या सूत्रात टाकतात आणि 40 लिहून मोकळे होतात. ती 40 ही कमाल मर्यादा. ओढच 20 ची, तर घर्षणही 20. सूत्राआधी बाणांची आकृती काढायला लावा, निम्मं काम तिथेच होतं. त्याच आकृतीत वजन आणि अभिलंब बलाला (टेबल ठोकळ्याला वर रेटतं ते) क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणू देऊ नका. ती जोडी दोन वेगळ्या वस्तूंवर असते, इथे दोन्ही बलं एकाच ठोकळ्यावर आहेत.

ठोकळा अरुंद बाजूवर उभा करून ओढायचा प्रयोग मात्र या घटकाच्या शेवटच्या तासाला ठेवा. आधी हात वर करायला लावा. जवळजवळ सगळा वर्ग 'घर्षण कमी होणार' म्हणतो, कारण टेकलेली जागा कमी. आणि काटा पुन्हा 2 च्या आसपासच. फ्रान्समध्ये आमोंताँ या शास्त्रज्ञाने 1699 साली हेच मांडलं होतं, तेव्हाच्या विद्वानांनाही पटायला जड गेलं होतं. आमच्या वर्गातल्या एकाने ताणकाटाच बिघडलाय म्हणून प्रयोगशाळेतून दुसरा आणला आणि मधली सुट्टी संपेपर्यंत ठोकळा आडवा-उभा करत बसला.