ऑपरेशनआधी व्हीआर हेडसेट लावताय? या चुका टाळा

पेशंट ट्रॉलीवर आडवा झाला, सलाईन लागलं, की कुणाला तरी आठवतं: अरे, तो व्हीआरचा चष्मा राहिलाच! म्हणजे डोळ्यांभोवती आभासी दृश्य उभं करणारा हेडसेट, ऑपरेशनची भीती कमी व्हावी म्हणून लावतात तो. निम्मा घोळ इथेच होतो.

पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या एक मावशी. आमच्या नव्या रेसिडेंट डॉक्टरने त्यांना हेडसेट चढवला, तळ्याकाठचं ध्यान लावलं आणि फाइल लिहायला पसार झाला. दहा मिनिटांनी मी पोचलो तेव्हा मावशींची मान उशीपासून चार बोटं वर, अधांतरी. पल्स 112. दृश्य बसलेल्या माणसासाठी केलेलं. उताणं झोपलं की समोर नुसतं आभाळ आणि तळं पायांकडे. कानात आवाज सांगतोय, ‘पाण्याकडे शांतपणे बघा’, आणि बाई बिचाऱ्या पाणी शोधतायत. वर अर्धा किलोचं ओझं. "तळं छान होतं हो डॉक्टर, पण मान गेली."

"बटण दाबून दृश्य समोर आणता येतं ना," रेसिडेंट म्हणाला. येतं, पण आमच्या हेडसेटमध्ये फक्त डावं-उजवं सरळ होतं, वर-खाली नाही. तेव्हापासून मी हे वॉर्डातच उरकतो, खुर्चीत बसवून, ट्रॉली यायच्या आधी. झोपवूनच करायचं असेल तर आडव्या माणसासाठी केलेलं दृश्य घ्या, आणि आधी स्वतः त्या ट्रॉलीवर झोपून बघा. एवढी तसदी कुणी घेत नाही.

दुसरं, हलतं दृश्य. डोळे म्हणतात आपण चाललोय, कानातला तोल म्हणतो पडून आहोत, आणि मळमळ सुरू होते. तीही सहा तासांच्या उपाशी पोटी. मी आधीच विचारतो, "घाटात गाडी लागते का?" लागत असेल तर हेडसेट नाहीच, नुसता आवाज ऐकवतो. अशांना भुलेनंतरही उलट्यांचा त्रास जास्त होतो, म्हणजे हा प्रश्न मला तसाही विचारायचाच असतो.

फिट येणाऱ्याला लावू नका. मराठी माणसाला इंग्रजी ध्यान ऐकवू नका. भिंगं स्पिरिटने पुसू नका, कोटिंग जातं. सुकं मऊ कापड पुरे. गुंगीचं औषध दिल्यावर तर हेडसेट लावूच नका.

ध्यानाऐवजी गेम लावणारेही भेटतात. अमेरिकेत सिअॅटलचे संशोधक हंटर हॉफमन यांच्या ‘स्नोवर्ल्ड’ या व्हीआर गेममध्ये भाजलेले रुग्ण ड्रेसिंग चालू असताना बर्फाचे गोळे फेकतात, तेवढा वेळ दुखण्यावरून लक्ष उडतं. ते तिथे योग्यच. पण ऑपरेशनच्या भीतीवर दहा मिनिटं गोळे फेकले तरी हेडसेट काढल्यावर भीती जागच्या जागी. त्यापेक्षा सावकाश श्वास सोडायला शिकवा. तो ऑपरेशन थिएटरमध्ये हेडसेटशिवायही सोडता येतो.

आणि सगळ्यात संताप आणणारी चूक म्हणजे पेशंट फार प्रश्न विचारतो म्हणून हेडसेट लावणं. हर्नियाच्या एका काकांनी तो दोन मिनिटांत उपटून माझ्या हातात दिला. "हे मागनं बघू. मला मधेच जाग आली तर काय, ते आधी सांगा." मी स्टूल ओढून बसलो. सगळं सांगून झाल्यावर काकांनी हेडसेट परत मागितला नाही, आणि मीही दिला नाही.