माणदेशी माळावरची फुलं अंगणात लावायची तर

सातारा जिल्ह्यातली फुलं म्हटलं की सगळ्यांना कासचं पठार आठवतं. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात सालाला कसाबसा ५०० च्या आसपास. कासच्या फुलांना धुकं लागतं, कातळावर साठलेलं पाणी लागतं. ती माणमधल्या दहिवडीच्या उन्हात कशाला टिकतील? आमच्या माळाला आमची आहेत की. तरवड, कुर्डू, उन्हाळी (हे झाडाचंच नाव), कोरांटी. दुकानात 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून पाकिटं मिळतात, त्यांत बहुतेक कॉसमॉस, झिनिया, गेलार्डिया असतात. दिसायला झकास, पण सगळी मूळची अमेरिका खंडातली.

बी विकत शोधू नका. दिवाळीनंतर रस्त्याकडेला, बांधावर हिंडा. तरवडाच्या चपट्या शेंगा तपकिरी होऊन कागदासारख्या वाजायला लागल्या की काढायच्या. एका झुडपाच्या सगळ्या ओरबाडायच्या नाहीत. पाच-सहा झुडपांच्या थोड्या थोड्या घ्या. शेंग उजेडात धरून बघा, बारीक भोक दिसलं तर आत किडा शिरून गेलाय. कुर्डूचं वाळलेलं कणीस तळहातावर चोळलं की काळं चकचकीत बी पडतं, मोहरीपेक्षाही बारीक. कोरांटीचं बोंड मात्र तडकून बी उडवतं. त्यावर आधीच फडकं बांधून ठेवा, नाहीतर सरळ फांदी लावा. ती सहज जगते. बी सावलीत वाळवायचं, राख लावून कागदाच्या पुडीत ठेवायचं. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होतं.

आता खरं काम. तरवड आणि उन्हाळीचं बी टणक असतं, साल पाणी आत घेत नाही. पॉलिशपेपरचे दोन तुकडे घ्या, मध्ये बी ठेवून चकाकी जाईपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात टाका. सकाळी फुगलेलं बी पेरायला तयार. जे फुगलं नाही ते पुन्हा घासा. जे वर तरंगतं ते बहुधा पोकळ, फेकून द्या.

पण सगळं बी घासू नका, अर्धं तसंच ठेवा. घासलेलं बी पहिल्याच ओलीवर उगवतं आणि मग पावसानं महिनाभर दडी मारली तर सगळंच जळून जातं. न घासलेलं मातीत पडून राहतं, थोडं परतीच्या पावसावर उगवतं, थोडं पुढच्या वर्षी. ते झाड स्वतःच असा हिशेब ठेवतं, तो आपण का मोडायचा? शेतकऱ्याला दुबार पेरणीची धास्ती असते. इथं दुसरी पेरणी पहिल्या पेरणीतच होऊन जाते.

पेरणीची घाई नको. मृगाच्या पहिल्या सरीवर भुलायचं नाही. बोटानं माती उकरून बघा, वीतभर खोल ओल गेली असली आणि वापसा आला असला, म्हणजे चिखल जाऊन माती मोकळी झाली असली, तरच पेरा. जमीन मुरमाड असली तर उत्तम. शेणखत अजिबात घालू नका. खतानं पाला माजतो, फुलं कमी येतात आणि गाजर गवत आधी पुढं पळतं. ते मात्र फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून.

तरवडाचं बी अर्धा इंच खोल, दोन झाडांत तीन-चार फूट अंतर ठेवून जागच्या जागीच लावा. त्याचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं, पिशवीतून हलवलेलं रोप रुसतं. उन्हाळीचं बी बोटाच्या पेराएवढंही खोल नको. कुर्डूचं चिमूटभर बी वाटीभर वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि वरून नुसतं थापटायचं.

उगवल्यावर उघडीप लांबली आणि रोपं दुपारनंतरही मान टाकून राहिली, तर संध्याकाळी बुडाशी तांब्याभर पाणी. एरवी नाही. रोज पाणी मिळालं की मुळं वरच्या वर घुटमळतात आणि चैत्रात हीच झाडं आधी जातात.

कुर्डू त्याच पावसाळ्यात फुलतो, टोकाला गुलाबी आणि खाली रुपेरी पांढरा. तरवडाला एखादा पावसाळा जाऊ द्या. फुलला की सकाळी नीट बघा: भुंगा पिवळ्या फुलाला धरून पंख न फडफडवता नुसता थरथरतो, घूं आवाज येतो आणि पुंकेसराच्या टोकाच्या भोकातून पराग झडतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्यांची फुलपाखरं होतात.

एक गोष्ट शेजारधर्माची. कुर्डू ज्वारी-बाजरीत तण म्हणून माजतो. कुंपणापलीकडं कुणाचं रान असेल तर कणसं वाळायच्या आत कापा, बियाण्यापुरती दोन-चार ठेवा. आणि कोवळा असताना शेंडे खुडून भाजी करा, लसणाच्या फोडणीत फार चांगली लागते.