गंगापूर, गिरणारे, अंजनेरी: एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन निघण्याआधी या चुका टाळा

नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा अख्ख्या शहराने ती आपलीच मानली. पण आपल्याकडे बहुतेकांचा पाया डांबरी रस्त्यावरचा. तीच सवय घेऊन माणूस गोदावरीच्या वरच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या पुढे, मळ्यांच्या शिवारात शिरतो आणि अडकतो. चढाची तयारी सगळेच करतात. राईड बिघडते ती बहुधा काटा, काळी माती आणि द्राक्षबागेचा बांध या तीन ठिकाणी.

टायर दगडासारखा फुगवणं

हायब्रिडवाल्यांची, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची सायकल चालवणाऱ्यांची, ही हमखास चूक. टायर अंगठ्याने दाबला जात नाही इतकी हवा भरली की सायकल हलकी पळते, डांबरावर. दुगाव सोडून मुरमाच्या वाटेला लागलात की तोच टायर खड्यांवरून उड्या मारतो आणि वळणावर पुढचं चाक बाजूला सरकतं. ७० किलोच्या आसपास वजन, २.२ इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर २८ ते ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) पुरे. ट्यूबलेस असेल तर २२ ते २६. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमीच ठेवा. आणि हो, ट्यूब असताना हवा फार कमी करू नका. दगडावर रिम आपटली की ट्यूबला दोन शेजारी चिरा पडतात. अशा चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

काटा तसाच ठेवून नवी ट्यूब घालणं

इथे बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे, बोर आहे. त्यात शेतकरी कुंपणाला काटेरी फांद्या लावतो आणि त्या वाळून वाटेवर येतात. पंक्चर होणारच. खरी चूक त्यानंतर होते: घाईघाईत ट्यूब बदलली, हवा भरली, दोनशे मीटरवर चाक पुन्हा बसलं. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, पण टोक टायरच्या आत दीड-दोन मिलिमीटर उभं राहतं आणि नजरेला सापडत नाही. म्हणून ट्यूब काढली की टायरच्या आतून सुती फडकं सावकाश फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. नुसत्या बोटाने चाचपलंत तर काटा बोटात जाईल. टोक आतून बाहेर ढकला, पकड असेल तर बाहेरून ओढून काढा. पंक्चर झालेली ट्यूब फुगवून भोक कुठे आहे ते पाहा आणि वॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजा. शोध निम्म्यावर येतो.

या भागात नियमित फिरणार असाल तर ट्यूबलेस करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त सीलंट, म्हणजे टायरच्या आत राहून भोक बुजवणारा द्रव, एकदा ओतलं की जन्माचं झालं, हा समज सोडा. नाशिकच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत ते आटतं. चाक काढून कानाजवळ हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर भरायची वेळ झाली. ट्यूबलेसमध्ये काटा दिसला आणि हवा टिकून असेल, तर वाटेत उपटू नका. घरी गेल्यावर काढा.

पाऊस उघडला म्हणून लगेच मातीत

नदीच्या अंगाला काळी माती, डोंगराकडे मुरमाड बरड. हा फरक लक्षात ठेवला की अर्धं काम झालं. मुरूम एका उन्हात चालण्याजोगा होतो. काळी माती चार-पाच दिवस घेते, वरून कोरडी दिसली तरी. ती टायरला गुंडाळते, मग फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) ठासते आणि चाक फिरायचं थांबतं. इथे जोर लावून पेडल मारणं ही सगळ्यात महागडी चूक: मागचा डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) चिखलात अडकून वर खेचला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारी पट्टी, म्हणजे हँगर, मोडतो. चाक जड झालं की उतरा, सायकल खांद्यावर घ्या, कडेच्या गवतावर या आणि काडीने माती काढा. घरी आल्यावर गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाखाली धरू नका. पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि महिन्याभरात करकर सुरू होते. बादली आणि ब्रश पुरतो.

धरणाच्या फुगवट्याची जमीन उन्हाळ्यात उघडी पडते, तीही अशीच फसवी. वर भेगाळलेली पापडी, खाली लोणी. धरणाच्या भिंतीकडे तर जाऊच नका, ते सुरक्षेचं क्षेत्र आहे.

जुलै ते सप्टेंबर त्र्यंबकच्या बाजूला शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस असतो. तिथल्या काळ्या कातळावर शेवाळ धरलं की कोणताच टायर पकडत नाही. त्या दिवसांत डांबरी रस्ता बरा.

द्राक्षबागेत ‘शॉर्टकट’

सावरगाव, गिरणारे, दिंडोरीकडे द्राक्षाच्या ओळी पाहिल्या की मधून सायकल घालायचा मोह होतो. परवानगीशिवाय जाऊ नये हे तर आहेच, पण जिवाचंही कारण आहे. प्रत्येक ओळीच्या टोकाच्या खांबाला ताण दिलेला असतो: खांबाच्या माथ्यापासून निघालेली जाड तार तिरकी खाली येते आणि जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. ती येते नेमकी तिथे, जिथून तुम्ही वळणार. पहाटेच्या उजेडात करड्या मातीपुढे करडी तार दिसत नाही. हँडल अडकलं तर पडण्यावर भागतं, तार मानेशी आली तर भागत नाही. बांधावरून जायची परवानगी असली तरी ओळींच्या टोकापासून दोन हात लांब राहा आणि वळणावर वेग तोडा.

बागेचं वेळापत्रकही माहीत हवं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत छाटलेल्या काड्या वाटेवर पडलेल्या असतात. एखादी काडी मागच्या चाकात उडाली आणि खडखड आवाज आला, तर ‘जाईल निघून’ म्हणत पुढे जाऊ नका. त्याच क्षणी पेडल थांबवा, ब्रेक लावा, हाताने काडी काढा. चाकाचा अजून अर्धा फेरा, की डिरेलर स्पोकमध्ये. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते विषारी असतं, अंगावर गेल्यावर दारू घेतली तर त्रास आणखी वाढतो, म्हणून ताज्या पेस्टच्या काड्यांना हात लावू नका. डावणी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांसाठी फवारणी चालू असेल, ट्रॅक्टरचा ब्लोअर धुकं सोडत असेल, तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. दहा मिनिटांत ओळ संपते. जानेवारी ते मार्च काढणी असते. पहाटे क्रेट भरलेल्या पिकअप अरुंद रस्त्याने भरधाव येतात, आणि पावसाळ्यानंतर गिरणाऱ्याच्या टोमॅटो मार्केटला तीच गर्दी. द्राक्षं तोडून तोंडात टाकू नका. ती चोरी आहे, शिवाय कालची फवारणी त्यावर असू शकते.

वायनरीत थांबून चव घ्यायची असेल तर राईडच्या शेवटी, आणि घरी गाडीने. उन्हात घाम गाळल्यावर दोन ग्लास आणि मग उतार, हा बेत सोडा.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवणं

वाघेऱ्याच्या बाजूला नवखे हेच करतात. पॅड तापतात, बोटं दुखतात आणि शेवटच्या वळणावर ब्रेकच लागत नाही. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. सीट चार बोटं खाली घ्या, अंग मागे.

ब्रेक किंचाळतोय आणि पकडही नाही? बहुतेक वेळा चेनवर स्प्रे मारताना तेल रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) उडालेलं असतं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड बारीक सँडपेपरवर घासा. तेल मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतात. लिव्हर हँडलला टेकत असेल तर मेकॅनिकल डिस्कमध्ये केबल ताणा, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल तर दुकानात न्या. पण आधी पॅडची जाडी पाहा.

अंजनेरीच्या पठारावर चाकं

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे गिधाडं आहेत आणि अंजनेरीचंच नाव असलेली कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात पठाराच्या उथळ मातीत उगवते. टायरने ती माती उखडते. पायथ्याच्या रस्त्यांवर सायकल, वर पायी. पांडवलेणीच्या पायऱ्यांवरही सायकल चढवू नये.

सामान आणि परतीची सोय

गिरणाऱ्यापुढे चहाची टपरी मिळेलच असं नाही, दोन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे ठेवा. कुत्री मागे लागली तर पळू नका, उतरा आणि सायकल मध्ये ठेवून चाला. डिसेंबरच्या पहाटे बोटं गारठतात, ब्रेकवर हाच हात लागतो, म्हणून पूर्ण बोटांचे ग्लोव्हज.

टूल, पंप, ट्यूब सगळे नेतात. विसरतात ते चेनचं क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि डिरेलर हँगर. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आडवळणाच्या गावातल्या दुकानात मिळणार नाही; आजच मागवून सीटखालच्या पिशवीत टाका. पडल्यानंतर गियर उड्या मारू लागले तर केबल पिळत बसण्याआधी मागून हँगर सरळ आहे का ते पाहा. आत वाकला असेल तर सगळ्यात मोठ्या गियरवर जाऊ नका, डिरेलर स्पोकमध्ये जाईल. मधल्या गियरवर हळूहळू घर गाठा. तेही जमलं नाही तर नाशिककडे भाजी घेऊन जाणारी पिकअप हात केल्यावर थांबते. क्रेटवर सायकल आडवी टाकताना डिरेलरची बाजू वर ठेवा.