शिक्षकांचे ५० तास आणि १२ वर्षांनंतरचं ट्रेनिंग, कसं निभवायचं

मार्च आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, सर तुमचे ट्रेनिंगचे तास झाले का, मॅडम ती लिंक परत टाका ना. दरवर्षी तेच. म्हणून नवीन लागलेल्या झेडपीच्या आणि अनुदानित शाळेतल्या मंडळींसाठी एकदाच नीट लिहून ठेवतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत, कार्यशाळा असोत नाहीतर ऑनलाइन मोड्यूल. आकडा मोठा वाटतो पण महिन्याला चार तासांहून थोडेच जास्त होतात, शेवटच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत व्हिडिओ पळवत बसण्यापेक्षा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास काढलेला बरा.

ऑनलाइन म्हणजे मुख्यतः दीक्षा, केंद्र सरकारचं शिक्षणाचं अॅप. निष्ठा हे केंद्राचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला प्रत्यक्ष सुरू झालं होतं, कोरोनात २०२० मध्ये ते दीक्षावर आलं, प्राथमिकला तेव्हा १८ मोड्यूल होते. इथे सगळ्यात जास्त लोक लॉगिनमध्ये फसतात. एकदा गुगलने आत गेलात आणि पुढच्या वेळी मोबाईल नंबरने गेलात तर दोन वेगळी खाती तयार होतात, निम्मे कोर्स एकीकडे निम्मे दुसरीकडे, आणि मग आपण म्हणतो अॅपने माझं काम खाल्लं. एकच लॉगिन ठरवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दुसरं म्हणजे प्रोफाइलमधलं नाव, तेच सर्टिफिकेटवर छापून येतं, त्यामुळे कोर्स जॉइन करायच्या आधी ते सर्व्हिस बुकप्रमाणे आहे का बघा (आमच्या एका सरांचं सर्टिफिकेट मुलीच्या नावाने आलंय, कारण फोन तिचा होता!).

कोर्स जॉइन करताना बॅचची शेवटची तारीख बघा, ती गेली की काही करता येत नाही. निष्ठाच्या शेवटच्या चाचणीला ७० टक्के लागतात आणि प्रयत्न फक्त तीन, त्यामुळे "बघू काय येतं ते" म्हणून पहिला प्रयत्न वाया घालवू नका. नेट गेलेलं असताना व्हिडिओ बघितला असेल तर प्रगती अडकते, कोर्सच्या पानावर तीन टिंबांमध्ये सिंकचा पर्याय असतो तो दाबायचा. सर्टिफिकेट लगेच येत नाही, काही दिवस थांबा, लगेच केंद्रप्रमुखांना फोन लावू नका, त्यांच्याकडेही बटण नाहीये.

प्रत्यक्ष प्रशिक्षण गटसाधन केंद्रात (तालुक्याला) किंवा डाएटला (जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) असलं की शिकण्याइतकंच हजेरीपत्रकाकडे लक्ष. सकाळ आणि दुपार दोन्ही सत्रांच्या सह्या करा आणि कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत शाळेत ठेवा. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, चांगला मिळाला तर एखादी गणिताची कृती अशी मिळते की ती सोमवारी वर्गात लगेच चालते, हे मात्र व्हिडिओत होत नाही हे माझं स्पष्ट मत. आणि महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, चहा-पोह्यांपुरती समजू नका, खरे अनुभव तिथेच कानावर येतात.

आता पैशाशी जोडलेला विषय. १२ वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, त्यानंतर आणखी १२ वर्षांनी त्याहून वरची निवडश्रेणी, आणि दोन्हीला त्यासाठीचं खास प्रशिक्षण सक्तीचं. निवडश्रेणी तर वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्के पदांनाच मिळते, त्यामुळे तिथे नुसती वर्षं भरून भागत नाही. हे प्रशिक्षण पुण्याची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) घेते, २०२२ ला इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड या वेबसाइटवर ऑनलाइन झालं, जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष वर्गात बसून. म्हणजे पद्धत बदलत राहते, नोंदणीही वर्षभर उघडी नसते, तेव्हा १२ वर्षं पूर्ण व्हायच्या सुमारास एससीईआरटीची वेबसाइट अधूनमधून बघत जा. नोंदणीला शालार्थ आयडी (पगाराच्या प्रणालीतला आपला क्रमांक) आणि नेमणुकीची तारीख हाताशी ठेवा. ईमेल टाकताना घाई नको. मी माझ्या ईमेलमध्ये एक टिंब जास्त टाकलं, फी भरली, आणि बाकीचे लॉगिन करून दुसऱ्या मोड्यूलला पोचले तरी मी इनबॉक्स बघत बसलो होतो, दुरुस्तीला जवळपास दोन आठवडे गेले.

सर्टिफिकेट आलं की त्याच दिवशी पीडीएफ स्वतःला मेल करा, एक प्रिंट मुख्याध्यापकांना देऊन पोच घ्या, आणि सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "करतो हो सर" यावर विसंबून घरी जाऊ नका.