सुपरहिरोचे वय वाढवताना

सुपरहिरोची मालिका लिहिणाऱ्याने नायकाच्या शक्ती ठरवण्याआधी कथेतील काळ कसा चालणार हे ठरवावे. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या जज ड्रेड या कॉमिक्स-नायकाच्या कथांत वाचकाचे एक वर्ष सरले की ड्रेडचेही सरते, त्यामुळे त्याच्या जखमा आणि चुकलेले निर्णय यांचे ओझे साचत जाते. स्पायडरमॅनचे तसे नाही. 1962 मध्ये शाळकरी असलेला पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडरमॅन, 1965 मध्ये महाविद्यालयात गेला आणि 1987 मध्ये त्याचे लग्न झाले. मात्र 2007 मध्ये कथेत सैतानी सौदा घडवून ते लग्नच पुसून टाकण्यात आले. पीटर तरुण आणि अडचणीत असला तरच वाचकाला जवळचा वाटतो, हा त्यामागचा विचार मला पटत नाही, कारण जगून झालेले आयुष्य रद्द होऊ शकते हे एकदा कळले की पुढच्या कोणत्याही घटनेची वाचकाला झळ लागत नाही.

वय वाढवायचे ठरल्यास ते पिकल्या केसांवर भागवू नये. नायकाची लढण्याची रीत बदलावी. फ्रँक मिलर यांच्या 1986 मधील ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकमध्ये 55 वर्षांचा बॅटमॅन 10 वर्षांच्या निवृत्तीनंतर परततो. म्युटंट टोळीच्या धिप्पाड म्होरक्याशी तो आधी तरुणपणीच्या गुर्मीत सरळ भिडतो आणि मरता मरता वाचतो. दुसऱ्या वेळी तो लढतीसाठी चिखल निवडतो. तेथे म्होरक्याची चपळाई मंदावते आणि घाव नेमका कुठे घालायचा हे बॅटमॅनचे वर्षानुवर्षांचे ज्ञान कामी येते. पराभव आधी आल्यामुळेच हा विजय पटतो, आणि नायकाचे आकर्षणही कमी होत नाही, कारण ताकदीची जागा वाचकाच्या डोळ्यांदेखत अकलेने घेतलेली असते. आपल्या कथेतही शरीराने काय गमावले आणि अनुभवाने काय कमावले, हे कृतीतूनच दाखवावे.

नायकाचा भूतकाळ खऱ्या इतिहासाशी बांधताना सावध राहावे, कारण वय थांबवलेल्या नायकासाठी तो इतिहास दूर दूर जात राहतो. आयर्न मॅनची 1963 मधील व्हिएतनामची पार्श्वभूमी पुढे अफगाणिस्तानात हलवता आली, पण ‘एक्स-मेन’ कथांतील खलनायक मॅग्नेटोचे नाझी छळछावणीतील बालपण हलवले तर त्याचा संतापच निराधार होतो.

वय आणि अमरत्व दोन्ही हवे असेल, तर ली फॉक यांच्या 1936 मधील फँटमकडे, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांना भेटलेल्या वेताळाकडे पाहावे. बापानंतर मुलगा तोच मुखवटा चढवतो, सध्याचा 21 वा आहे, आणि जंगलातल्या लोकांना मात्र तो एकच अमर पुरुष वाटतो. अशा कथेत वारसदाराला नायक थकल्यावर अचानक आणू नये. नायक जोमात असतानाच त्याला स्वतःच्या चुका करू द्याव्यात आणि एखाद्या प्रसंगी त्याचे म्हणणे नायकापेक्षा बरोबर ठरू द्यावे.